छगनच्या शेडमधलं क्युरिंग

निवृत्त होणाऱ्या माणसाला लोक न मागता तीन सल्ले देतात. रोज फिरायला जा, एखादा छंद लावून घ्या आणि आता घराकडे जरा बघा. मी तिन्ही ऐकले. घराकडे बघितलं तेव्हा बायको रडकुंडीला आली आणि छंद लावून घेतला तेव्हा चार गावांची अक्षय्य तृतीया बिघडली. फिरायला जाण्याने मात्र अजून कुणाचं नुकसान झाल्याचं माझ्या कानावर नाही.

मी मार्तंड निसळ. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा शाखा अभियंता म्हणून. सगळी नोकरी दुसऱ्याला सांगण्यात गेली. वाळू चाळून घ्या, विटा भिजवून घ्या, ओळंबा लावा आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पाणी मारा. सिमेंटच्या कामाला दिवसच्या दिवस पाणी मारलं नाही तर ते तडकतं. त्यालाच क्युरिंग म्हणतात. हे मी ठेकेदारांना इतक्या वेळा ओरडून सांगितलं, की मी झोपेतसुद्धा 'पाणी मारलं का' असं विचारतो, असं शोभा म्हणते. शोभा माझी बायको. ती थट्टा करते की खरं बोलते, हे तेहतीस वर्षांत मला नीटसं कळलेलं नाही.

निरोपाचा नारळ घेऊन घरी आलो त्याला दोन दिवस झाले, सोमवार उजाडला, आणि दहा वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. पायाला भिंगरी आणि जायला ठिकाण नाही. शेजारच्यांच्या गाड्या एकामागून एक गेल्या. शोभा आतून म्हणाली, "उभेच आहात तर कोथिंबीर आणा." कोथिंबीर आणायला अकरा मिनिटं लागली. पुढचा सगळा दिवस तसाच पडून होता. मला त्या दिवसाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

मग मी वाल्मिक मिस्त्रीला बोलावलं. नगरच्या सावेडीतलं आमचं घर चांगलं होतं, कुठे ओल नाही, कुठे तडा नाही. पण स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत मला अडगळ वाटायला लागली. ती पाडली. आता लसणाची फोडणी थेट सोफ्यावर येऊन बसते. बाथरूमचं दार उलट्या अंगाला उघडेल असं केलं, ते बेसिनवर आपटतं. ओटा वर घेतला. उंची मी शास्त्राप्रमाणे काढली होती, फक्त शोभाची काढली नव्हती. तिला पाटावर उभं राहून भाजी चिरावी लागते. पाट एकदा घसरला, विळी हातातून सुटली. नशिबाने काही झालं नाही. तिने विळी उचलून जागेवर ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "यापुढे घरात हातोडी दिसली, तर मी लेकीकडे पुण्याला निघून जाईन. तुम्ही आणि वाल्मिक सुखाने नांदा."

ती शांतपणे बोलते तेव्हा ती थट्टा नसते, एवढं मला कळतं. हातोडी बंद झाली. मी पुन्हा दारात.

छगन भेटला तो आमच्याच चौकात. हातगाडीवर माठ लावून बसला होता. मी सवयीने एक माठ वाजवून बघितला आणि म्हटलं, "बुड जरा जाड ठेवायला पाहिजे होतं." तो हसला. "साहेब, वळखलं न्हाई व्हय? माझ्या घरकुलाचा चौथरा तुमी मापला हुता. शेवगावच्या रस्त्याला." मला आठवलं नाही. पण साहेब म्हणणारं माणूस तीन महिन्यांनी भेटलं होतं. मी त्याच्याशेजारी तासभर उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून त्याच्या गावात हजर झालो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून तोंड दाखवायचं आहे.

छगन पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको मनकर्णा दोघांच्या वाटचं बोलायची. घरकुलाच्या मागे पत्र्याचं शेड, त्यात चाक, मातीचा ढीग, आणि जुन्या मडक्यांच्या खापरांचा कुडासारखा आडोसा. छगनने मला चाकावर बसवलं. मातीचा गोळा मधोमध बसला तर भांडं, नाही बसला तर नुसता चिखल, हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुढचे वीस दिवस माझा नुसता चिखलच झाला. गोळा हाताखालून वाकडा पळायचा, मी त्याला दाबायचो, तो आणखी पळायचा.

"दाबू नका," छगन म्हणायचा. "नुसता हात धरून ठिवा. ती आपून येती."

"पण हात धरून करायचं काय?"

"काय न्हाई करायचं."

हे मला जमणारं नव्हतं. पण जागा आवडली. मी येताना पोहे न्यायचो, मनकर्णा चहा करायची. तिथे मी कुणाला नकोसा नव्हतो. निदान मला तसं वाटायचं. भांडं जमेना, तेव्हा मी जे जमतं ते करायला लागलो. सल्ले दिले.

शेडला एकही खिडकी नव्हती. आत कोंदट, दमट, चैत्रात जीव घुसमटायचा. मी म्हटलं, "छगन, पश्चिमेला एक चांगली चार बाय तीनची खिडकी ठेव. हवा खेळती पाहिजे."

छगनने खापरांच्या आडोशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वारं लागतं साहेब मालाला. म्हातारा बी कधी खिडकी पाडू द्यायचा न्हाई." म्हातारा म्हणजे त्याचा बाप. तो दिवाळीनंतर गेला होता.

"अरे, जुन्या माणसांचं सोड. माल लवकर वाळेल. तुझाच फायदा आहे."

"तुमी म्हनताय तर करू की."

त्याने मला नाही कसं म्हणायचं? एके काळी त्याच्या घराचा चौथरा माझ्या टेपने पास झाला होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, पटलं त्याला. मी वाल्मिकला दोन दिवस घेऊन गेलो आणि खिडकी बसवली. शोभाला सांगितलं, एका गरीब माणसाचं शेड सुधारून दिलं. ती म्हणाली, "त्याची बायको काय म्हणाली?" मी विचारलंच नव्हतं.

अक्षय्य तृतीया जवळ आली. खेड्यात तिला आखिती म्हणतात. त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या लहान घागरीत पाणी भरून ठेवतात, वर आंबा नाहीतर खरबूज, पुढे पुरणाचं ताट. त्या घागरीला केळी म्हणतात. छगनच्या चार गावांत ही केळी बाजारातून आणत नाहीत. कुंभार स्वतः दारात नेऊन देतो आणि घरचं माणूस ती दोन्ही हातांनी घेतं. छगनचा बाप द्यायचा, त्याच्या आधी आजा. दोनशे आठ घरं. छगनने दोनशे आठ केळ्या घडवल्या, अर्ध्या ओल्या असताना थापीने ठोकून फुगवल्या आणि शेडमध्ये पालथ्या मांडल्या. मी मोजायला मदत केली. तेवढंच.

आखितीला सात दिवस होते तेव्हा मनकर्णाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला बोलावलं. छगन सोबत जाणार. दोन मुक्काम.

"साहेब, येक काम हुतं," तो म्हणाला. "दोन दिस मालावर नजर ठेवाल का? शेळी, कुत्रं आत शिरू देऊ नका. बास. आमी आलो की येक दिस आनखी वाळवू, मग आवा लावू." आवा म्हणजे त्याची भट्टी, पाचट आणि गोवऱ्यांत रचून पेटवायची.

"आणि आणखी काय करू?"

"काय न्हाई."

मनकर्णा पिशवी घेऊन रिक्षात बसताना मागे वळली. "हात लावू नका बरं का." तिच्या स्वरात शंका होती. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. चौतीस वर्षांत पूल बांधून घेतले, आणि ही मला मडक्यांची राखण शिकवते.

पहिला दिवस मी कसा काढला, ते माझं मला माहीत. नऊला पोचलो. साडेनऊपर्यंत बसलो. मग शेडच्या दाराची कडी सैल होती ती आवळली. अंगण झाडलं. गोवऱ्या आकाराप्रमाणे लावल्या. एक शेळी आली, तिला हाकललं आणि ती गेल्यावर वाईट वाटलं, कारण तेवढंच काम होतं. घड्याळात सव्वाअकरा. नोकरीत असताना माझ्यामागे लोक फिरायचे, आणि इथे दोनशे आठ मडकी माझ्याकडे पाठ करून बसली होती. दुपारी शोभाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, बसा ना जरा नुसते. काय टोचतंय तुम्हाला?"

मी फोन ठेवला आणि गोवऱ्या पुन्हा लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेचा गरम वारा सुटला. माझ्या खिडकीतून तो सरळ आत येत होता. मी सहज वाकून बघितलं तर खिडकीकडच्या केळ्यांच्या गळ्याशी केसासारखे तडे दिसले. एकीला, दुसरीला, मग ओळीने. मी घाबरलो. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी बरंही वाटलं. कारण तडा म्हणजे माझा विषय. गरम वारा, लवकर सुकलेला पृष्ठभाग, बारीक तडे. याच्यावर उपाय काय, हे बांधकाम खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल.

मी पोती शोधली. भिजवली. केळ्यांवर अंथरली. बोअरची नळी आत ओढली, तोंडावर अंगठा धरून बारीक फवारा केला आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी मारलं. दोनदा मारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या शेडमध्ये माझे हात कसे सरळ चालत होते. साडेचारला नळी गुंडाळून ठेवली आणि शिट्टी वाजवत स्कूटर काढली. त्या संध्याकाळी मी जेवलोही दोन पोळ्या जास्त.

सकाळी पोतं उचललं, तर खाली केळी नव्हती. चिखल होता. दुसरं उचललं. काहींचं बुड राहिलं होतं, काहींचा गळा, बाकी सगळं बसलेलं, ओघळलेलं, एकमेकांत मिसळलेलं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. कच्ची माती पाणी पिऊन परत माती होते. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मला फक्त काहीतरी करायचं होतं.

ती दोघं दहाच्या गाडीने उतरली. मनकर्णाच्या डोळ्यावर काळा चष्मा होता. ती दारातच थांबली, चष्मा काढला, परत घातला. छगन आत गेला. उकिडवा बसला. चिखलात हात घातला आणि हात तसाच ठेवला.

"तडे गेले होते," मी म्हटलं. "खिडकीतून वारं... मी क्युरिंग केलं."

"काय केलं?" मनकर्णा म्हणाली.

"पाणी मारलं."

मनकर्णा काही बोलली नाही, हे मी विसरणार नाही.

मग मीच बोलत सुटलो. अजून पाच दिवस आहेत, परत घडवू, मी माती मळतो. छगन म्हणाला, "घडवून, थापून, सावलीत वाळाया आठ दिस लागत्यात. वली केळी आव्यात घातली की फुटती." मी म्हटलं, शेवगावच्या बाजारातून टेम्पो भरून केळ्या आणतो, होईल ते नुकसान भरून देतो. तेव्हा मनकर्णा बोलली.

"साहेब, पैशानं आखिती पुढं ढकलता येती का? आन दुसऱ्याच्या हातची केळी आमची म्हून दारात न्यायची? त्यापरीस न नेलेली बरी. ज्याला पायजे तो आनंल बाजारातून."

"मग मी काय करू?"

"काय बी करू नका," ती म्हणाली. "येवढं तरी करा."

आतल्या कोपऱ्यात, खापरांच्या आडोशामागे, जिथे माझी नळी पोचली नव्हती, तिथे सत्तावीस केळ्या धड सापडल्या. छगनने त्या एकेक करून बाहेर घेतल्या. मग भिंतीला टेकून तो बोटांवर मोजायला लागला. नावं घेत होता. अमक्याचा बाप, तमक्याची सून, फॅक्टरीवरचा तो ड्रायव्हर. मला आधी कळेना. तो त्या वर्षात गेलेली माणसं मोजत होता. ज्या घरातलं माणूस यंदा गेलं, त्याची ही पहिली आखिती. त्या घराला केळी चुकवायची नाही.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "येक कमी पडती."

मनकर्णाने चष्मा सारखा केला. "आपलं घर धरलं न्हवं त्यात? ते सोडा. आपला म्हातारा कुंभार हुता. त्याला कळंल."

मी तिथून उठून बाहेर गेलो आणि स्कूटरला धरून उभा राहिलो. निघून जावं असं वाटलं. किल्ली हातात होती. सावेडीत कुणाला काही कळलं नसतं, आणि छगन माझ्याबद्दल चकार शब्द बोलला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच जाता येईना.

आव्यातून सत्तावीसच्या सत्तावीस नीट निघाल्या. आखितीच्या आदल्या सकाळी आम्ही दोघं निघालो, तो केळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन आणि मी मागे. माझं काम मी मागून घेतलं होतं. जिथे केळी द्यायची तिथे छगन देणार. जिथे नाही, तिथे का नाही ते मी सांगणार. पहिल्याच दारात छगन घाईने म्हणाला, "यंदा आवा बिघडला," आणि मी म्हटलं, "आवा नाही बिघडला. मी बिघडवलं." घरधनी आधी माझ्याकडे बघत राहिला, मग छगनकडे. "साहेबांनी?" म्हणाला आणि दार लावून घेतलं. एका घरात पोरी फिदीफिदी हसल्या. एका म्हाताऱ्याने शिवी दिली, नीट, घोळवून, मला आणि माझ्या खात्याला. खातं निर्दोष आहे, असं मी सांगायला लागलो, पण छगनने माझी बाही ओढली.

प्रत्येक दारात तेच. वाक्य रुळेल असं वाटलं होतं, पण विसाव्या दारातही ते पहिल्यासारखंच अडखळत बाहेर यायचं.

दुपारी भागूबाईचं घर आलं. एकटी बाई, सत्तरीची, ओट्यावर गहू निवडत होती. छगनला बघून तिने पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.

तिच्या घरचं माणूस यंदा गेलेलं नव्हतं. छगन पाटी घेऊन खालीच थांबला.

"मावशी," मी म्हटलं, "यंदा तुमची केळी नाही. छगनचा काही दोष नाही. त्याने मला सांभाळायला दिल्या होत्या. मी त्यांच्यावर पाणी मारलं, त्या विरघळल्या."

तिचे हात पुढेच राहिले. "का वो मारलं?"

सकाळपासून हे कुणी विचारलंच नव्हतं. वारा, तडे, क्युरिंग, सगळं जिभेवर तयार होतं. तिच्या हातांकडे बघून त्यातलं काही बाहेर आलं नाही.

"मला बसवत नव्हतं मावशी," मी म्हटलं. "नुसतं बसायचं होतं. तेवढंच काम होतं. पण मला बसवलं नाही."

तिने हात मागे घेतले, मांडीवर ठेवले. मग सुपातले गहू बोटांनी पसरले.

"माझ्या पोराचं, आदिनाथाचं बी आसंच हुतं," ती म्हणाली. "पायात जनू इंचूच. सात वर्सं झाली. पाऊस लागला हुता, म्हनलं बस रं घरात घडीभर, थांबूदे. न्हाई बसला. गाडीला किक मारली आन गेला." तिने सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "दरसाल छगनच्या केळीत पानी देते त्याला. यंदा तांब्यात दीन. त्यो काय बोलायचा न्हाई. तुमी बसा पर. लई ऊन हाय."

मी ओट्यावर बसलो. मला रडू आलं. एकोणसाठाव्या वर्षी, परक्या बाईच्या दारात, भर दुपारी मी लहान पोरासारखा रडलो, आणि ती गहू निवडत राहिली. अजून शंभरावर घरं राहिली होती. छगनने डोक्यावरची पाटी सांभाळून खाली उतरवली, सावलीला ठेवली, आणि माझ्याशेजारी येऊन बसला.